मिसिंगचा माग

गाडी गॅरेजात आली, तरी मिस्त्रींनी बॉनेटला हात लावला नाही. इंजिन चालूच ठेवायला सांगून ते मागे गेले, उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरला. हवा सलग यायची, मध्येच एक ठोका गळायचा, पुन्हा सलग. पाचेक मिनिटं ते तसेच बसून होते. मग उठून म्हणाले, “मिसिंग आहे. पण रोजची नाही ही, लहरी आहे.”

घाटकोपर पश्चिमेला, एलबीएस मार्गावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतलं हे गॅरेज. मिस्त्री मूळचे खेड तालुक्यातले, वय साठीच्या आसपास. गाडी मुलुंडच्या एका शिक्षिकेची होती. अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, तिला नंतर बसवलेलं सीएनजी किट, आणि या बाई तिच्या तिसऱ्या मालकीण. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, एसी लावला की जास्त थरथरते, आणि कधी कधी आठवडाभर काहीच होत नाही. इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि आपोआप विझतो. बाईंनी पर्समधून बिलांची घडी काढून दाखवली. प्लगचा पूर्ण सेट, एक इग्निशन कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एअर फिल्टर, वर टाकीत ओतायची कसलीशी बाटली. प्रत्येक खर्चानंतर गाडी चार दिवस बरी चालली होती.

मिस्त्रींनी बिलं बाजूला ठेवली आणि विचारायला सुरुवात केली. “ताई, सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर हलते, की गरम झाल्यावर?” गरम झाल्यावर. “पळताना झटके देते, की उभी असताना?” उभी असताना. “गॅसवर, की पेट्रोलवर?” बाई थांबल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

या अंकासाठी संपादकांनी ‘दुरुस्ती’ हा विषय दिला, तेव्हा मी उपनगरांतल्या गॅरेजांत जाऊन नेमका हाच बिघाड पाहायचं ठरवलं. तुटलेला भाग दिसतो, गळणारं तेल दिसतं, फाटलेला पट्टा दिसतो. मिसिंग दिसत नाही. ती येते, जाते, दुसऱ्याच भागाचं सोंग घेऊन येते. त्यामुळे कोण शोधून दुरुस्त करतो आणि कोण अंदाजाने भाग बदलत सुटतो, याचा निवाडा इथे लवकर होतो.

मिनिटाला सोळाशे ठिणग्या

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतं. निकोलाउस ओटो या जर्मन तंत्रज्ञाने १८७६ मध्ये जे चार टप्प्यांचं इंजिन यशस्वी केलं, त्याच चक्रावर आजची गाडीही चालते: हवा-इंधन आत घे, दाब, पेटव, धूर बाहेर टाक. या चार टप्प्यांना क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटतो, आणि चारही मिळून सोळाशे वेळा. त्यातले काही चुकले, की ती मिसिंग; स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला ती जाणवते. हल्लीच्या पुष्कळ लहान गाड्यांत सिलिंडर तीनच असतात. तिथे एक चुकला की तिसरा हिस्सा ताकद जाते आणि अख्खी गाडी हलते.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली मिश्रण. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते; त्यात फार फरक पडला की ज्योत धरत नाही. दुसरी दाब. व्हॉल्व्ह आणि रिंगा घट्ट बसल्या तरच मिश्रण नीट दाबलं जातं. तिसरी ठिणगी, तीही अचूक वेळी. बॅटरी देते बारा व्होल्ट; कॉइल त्याचे वीस-तीस हजार करते, तेव्हा प्लगच्या टोकाशी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असलेल्या फटीतून वीज उडी मारते.

आणि इथेच या आजाराच्या लहरीपणाचं एक कारण आहे. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकं ती फट ओलांडणं विजेला अवघड. चढावर, एसी लावून, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की दाब वाढतो आणि अशक्त कॉइल नेमकी तिथे हार मानते. तीच गाडी गॅरेजात उभी करून नुसती रेस केली तर आवाज सुरेख येतो. म्हणून जाणता मेकॅनिक गाडी रस्त्यावर नेल्याशिवाय बोलत नाही. बोरिवलीचे एक मेकॅनिक तर गाडी काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या चढापर्यंत नेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हापासून हे परवडतं, असं ते सांगत होते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एसी चालू ठेवून ते गाडी मुद्दाम दमवतात. चूक तिथे दिसते.

थरथर सोसून चालवत राहू, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. जे पेट्रोल सिलिंडरमध्ये जळलं नाही, ते तसंच पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. अतिउष्णतेने आतली जाळी वितळते. मुंबईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा आला. त्याची किंमत प्लगच्या कित्येक पट असते. इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी गॅरेजपर्यंत जाऊ शकते. तो उघडझाप करू लागला असेल, तर हा डबा त्या क्षणी भाजतो आहे असं समजावं आणि गाडी बाजूला घ्यावी.

कुर्ल्याची पद्मिनी

घाटकोपरच्या मिस्त्रींचं शिक्षण प्रीमियर पद्मिनीवर झालं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना इथून जवळच, कुर्ल्याला होता. फियाट ११०० या गाडीला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं मुंबईची टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यातले कितीतरी जुने फिटर या एका गाडीवर तयार झाले.

पद्मिनीत चारही सिलिंडरना मिळून एकच कॉइल. डिस्ट्रिब्युटर नावाचा फिरता वाटप्या ती वीज पाळीपाळीने चौघांना द्यायचा. आत दोन कॉन्टॅक्ट पॉइंट उघड-मिट करायचे. ते जळाले, काळे पडले, त्यांच्यातली फट बदलली की गाडी मिसिंग मारायची. उपाय म्हणजे पॉलिश पेपर, फिलर गेजची पातळ पाती आणि चांगला कान. कुठला सिलिंडर बंद आहे हे पाहायला प्लगची वायर चालू इंजिनवर एकेक करून उपटायची. जी उपटल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. “झटके भरपूर खाल्ले,” मिस्त्री म्हणाले, “पण त्या गाडीने एक शिकवलं. अगोदर कुठला सिलिंडर ते शोधायचं. काय बदलायचं ते नंतर.”

आजच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. बहुतेकींत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. होंडा सिटीच्या २००३ च्या पिढीत तर आय-डीएसआय इंजिनाला चार सिलिंडरना आठ प्लग होते. तिथे चारच प्लग बदलून पाठवलेली गाडी परत आल्याचे किस्से जुने मेकॅनिक सांगतात.

स्कॅनर काय सांगतो

साकीनाक्याच्या एका गॅरेजात भेटलेला तरुण आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला. स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या पोटात सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याने त्यात स्कॅनर लावला. पडद्यावर पी०३०२ उमटलं. शेवटचा आकडा सिलिंडरचा: दोन नंबरमध्ये मिसिंग. पी०३०० आलं असतं तर त्याचा अर्थ एक ठरावीक सिलिंडर नाही, कधी हा चुकतो, कधी तो.

इंजिनच्या संगणकाला हे कळतं कसं? त्याला सिलिंडरच्या आतलं काही दिसत नाही. क्रँकजवळचा एक सेन्सर फक्त फिरण्याचा वेग मोजत असतो. सिलिंडर पेटला की क्रँक किंचित पुढे ढकलला जातो. पेटला नाही तर तेवढ्यापुरता मंदावतो. हा मंदावण्याचा क्षण कोणाच्या पाळीचा होता, त्यावरून संगणक सिलिंडर ओळखतो. एक गमतीची अडचण अशी, की खड्ड्यांतून जाताना चाकांचे हिसके उलट दिशेने क्रँकपर्यंत पोचतात आणि तेही मंदावल्यासारखेच भासतात. त्यामुळे रस्ता खराब आहे हे ओळखून मोजणी तात्पुरती थांबवण्याची सोय उत्पादकांना करावी लागते. पावसाळ्यातल्या साकीनाक्याला ती सोय फार उपयोगी पडत असणार.

आपल्याकडे ही दुसऱ्या पिढीची निदान-यंत्रणा, ओबीडी-२, एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत सक्तीची झाली. त्याने काम सोपं झालं, आणि एक नवी वाईट सवयही लागली. पी०३०२ वाचून पुष्कळ ठिकाणी लगेच दोन नंबरची कॉइल बदलली जाते. कोडचा अर्थ तसा नाही. कोड सांगतो की दोन नंबरचा सिलिंडर पेटत नाही. ठिणगी नाही, इंधन नाही की दाब नाही, हे तो सांगत नाही. साकीनाक्याच्या तरुणाने हे मला ज्या शब्दांत सांगितलं ते लक्षात ठेवण्याजोगं आहे: “साहेब, हा फक्त घराचा नंबर सांगतो. दार आपल्यालाच वाजवायला लागतं.”

मग त्याने काय केलं ते मी जवळून पाहिलं. दोन नंबरची कॉइल काढून चारवर लावली, चारची दोनवर. कोड पुसला आणि गाडी सीप्झच्या बाजूला फिरवून आणली. पुन्हा स्कॅनर लावला तर पी०३०४. चूक कॉइलबरोबर सरकली होती. म्हणजे दोष कॉइलचाच. नवा भाग विकत आणायच्या आधी पुरावा हातात होता आणि या तपासाला खर्च शून्य. कोड दोनवरच राहिला असता तर त्याने याच पद्धतीने प्लगची अदलाबदल केली असती, मग इंजेक्टरची. तिन्ही हलवूनही चूक जागची हलली नसती, तर ती त्या सिलिंडरच्या आतच आहे असा निष्कर्ष निघाला असता. या पद्धतीला वेळ लागतो, महागडं यंत्र लागत नाही. तरीही ती किती कमी गॅरेजांत केली जाते, हे पाहून वाईट वाटतं.

काढलेला प्लगही पुष्कळ बोलतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा गाडी नेहमी रांगतच चालते. प्लगचं टोक साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच त्यावरची काजळी जळून जाते. अंधेरी स्टेशन ते मरोळ एवढंच रोज पाऊण तासात कापणाऱ्या गाडीत ते तापमान क्वचितच गाठलं जातं. तेलकट ओलं टोक म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली. पेट्रोलचा वास येणारं ओलं टोक म्हणजे इंधन पोचलं, ठिणगी नाही. पांढरं, भाजलेलं टोक म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. त्यामुळे प्लग बदलले असतील तर जुने कुठल्या सिलिंडरमधून निघाले त्या क्रमाने मांडून ठेवायला सांगावं. एका डब्यात एकत्र टाकलेल्या चार प्लगांतून हे वाचता येत नाही.

दोन इंधनांची गाडी

मुंबईच्या उपनगरांत जुनी पेट्रोल गाडी म्हणजे बहुधा सीएनजीवर चालणारी गाडी. महानगर गॅसची स्थापना १९९५ ची. त्यानंतर आधी टॅक्सी-रिक्षा आणि मग खासगी गाड्या गॅसवर वळल्या. वापरलेल्या गाडीला कितीदा तरी आधीच्या मालकाने बाहेरून किट बसवून घेतलेलं असतं. मिसिंगच्या बाबतीत ही गोष्ट जितकी महत्त्वाची आहे, तितकी गाडी घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. जी कॉइल आणि जे प्लग पेट्रोलवर आणखी वर्षभर निभावले असते, ते गॅसवर आधीच थकतात. म्हणून गॅसच्या गाडीत प्लगची फट थोडी कमी ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात. दुसरं, किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये जोड दिला जातो, गॅसवर असताना पेट्रोल बंद राहावं म्हणून. तो जोड नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला असेल तर वर्षा-दोन वर्षांत सैल होतो, गंजतो. तिसरं, पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्महिने बसून राहतात. आत उरलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर पेट्रोल ठेवायची सवय तर सरसकट आहे, आणि टाकीतला पंप थंड राहतो तो भोवतालच्या पेट्रोलनेच.

पण शोधणाऱ्याला याच दोन इंधनांचा मोठा उपयोग होतो. घाटकोपरच्या मिस्त्रींनी बाईंना विचारलेला तो प्रश्न इथला. गाडी फक्त पेट्रोलवर मिसिंग मारत असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, पंप, कापलेल्या वायरी पाहायच्या. फक्त गॅसवर मारत असेल तर गॅसचे इंजेक्टर, फिल्टर, किटचं सेटिंग, आणि अशक्त पडू लागलेल्या कॉइल-प्लगवर पहिला संशय. दोन्हीवर सारखीच मारत असेल तर इंधनाचा प्रश्न जवळजवळ मिटला. ठिणगी किंवा दाब.

बाईंची गाडी दोन्हीवर सारखीच चुकत होती. कोड पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल आधीच नवी घातलेली. तरी मिस्त्रींनी ती पहिल्यावर नेली. कोड तीनवरच राहिला. प्लग हलवला, तरी तीनवरच. मग त्यांनी इंजिन पूर्ण तापवलं, प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर एकशे साठच्या आसपास, तिसरा एकशे दहाच्याही खाली. मिस्त्रींनी त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट भरून आकडा वर गेला असता. गेला नाही. म्हणजे दाब व्हॉल्व्हमधून निसटत होता.

पुढचं काम थंड इंजिनावरच करता येतं, त्यामुळे बाई लोकलने घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅपेट कव्हर उघडलं गेलं. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जी बारीक फट असायला हवी, तिथे फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही शिरेना. गॅस कोरडा असतो. वर्षानुवर्षं गॅसवर धावलेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत झिजत झिजत वर सरकतो आणि ही फट आक्रसते. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा मिटतो. तापला की त्याची दांडी लांबते आणि तो पूर्ण मिटतच नाही. इंजिन वेगात असलं तर निसटायला वेळ कमी मिळतो, म्हणून हायवेला गाडी ठीक. सिग्नलला उभी राहिली की थरथर. बाईंनी सांगितलेलं प्रत्येक लक्षण त्या एका फटीतून आलं होतं, आणि पर्समधल्या सगळ्या बिलांतल्या एकाही वस्तूचा तिच्याशी संबंध नव्हता.

मिस्त्रींनी स्क्रू सैल करून फट लावली, बाकीच्याही तपासल्या, कव्हरला नवं गॅस्केट घातलं. गाडी तापवून पुन्हा मोजल्यावर तिसरा सिलिंडर बाकीच्यांच्या जवळ आला. “ताई, आत्ता झाली,” ते म्हणाले. “पण बैठक झिजलेली आहे, ते मी लपवत नाही. दहा हजार किलोमीटरला पुन्हा दाखवा. तेव्हा परत आवळलेली निघाली तर हेड उतरवायला लागेल.”

पाऊस, खारी हवा, उंदीर

जून ते सप्टेंबर मिसिंगच्या गाड्या वाढतात, हे अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येकाने सांगितलं. प्लग इंजिनच्या डोक्यावर खोल विहिरीसारख्या खाचेत बसतात. बॉनेटखाली शिरलेलं पाणी तिथे साचतं, कॉइलचं रबर तडकलेलं असेल तर वीज फट ओलांडण्याऐवजी त्या ओलीतून लोखंडाला जाते. पाण्याच्या प्रेशरने इंजिन धुऊन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी झटके देते, ती याचमुळे. जुन्या, लांब वायरींच्या गाडीत अंधारात बॉनेट उघडून पाण्याचा हलका फवारा मारला तर गळणारी वीज निळसर दिसते.

साचलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा त्रास मात्र उशिरा सुरू होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. तेवढा पाऊस रोज नसतो, पण अंधेरीचा आणि मिलनचा सबवे दर वर्षी भरतो. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी सुकतं, पितळी पिनांवर हिरवट थर धरतो आणि सहा महिन्यांनी, कोरड्या ठणठणीत डिसेंबरात, गाडी अधूनमधून चुकू लागते. वर्सोव्याकडच्या गाड्यांत हेच काम खारी हवा करते. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून निम्मी होते आणि चारही सिलिंडर आळीपाळीने चुकतात.

उंदरांचं नाव तर मला प्रत्येक गॅरेजात ऐकू आलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री गरम इंजिनवर ते येऊन बसतात आणि इंजेक्टरच्या बारीक वायरी कुरतडतात. पूर्ण तुटलेली वायर लगेच सापडते. अर्धी कुरतडलेली वायर गाडी हलली की जुळते, हलली की सुटते. बोरिवलीच्या मेकॅनिककडे यावर साधा उपाय आहे: इंजिन चालू ठेवून वायरिंगचा एकेक गुच्छ बोटांनी हलवत जायचं. एका गाडीत त्यांना असं करताना मी पाहिलं. तिसऱ्या गुच्छाला हात लावताच इंजिन अडखळलं.

पेट्रोलमधल्या इथेनॉलवरही सगळे बोलतात, आणि सरसकट सगळं खापर त्यावर फोडतात. तेवढं खरं नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं. निरोगी इंजिन मात्र त्याने मिसिंग मारत नाही. धुरातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवणारा सेन्सर मिश्रण जुळवून घेतो. अडचण जुन्या गाडीची आहे. इथेनॉल टाकीतला, नळीतला जुना थर सोडवून पुढे ढकलतं, हवेतली ओल शोषतं आणि त्यासाठी न बनवलेलं रबर खराब करतं. जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं. पहिल्यांदा फिल्टर आणि इंजेक्टर पाहावेत. इंधनाला शिव्या देऊन गाडी दुरुस्त होत नाही.

बिलावर नसलेली मजुरी

बाईंच्या गाडीचं बिल मी पाहिलं. टॅपेट सेटिंग, एक गॅस्केट. बस. पाच मिनिटं सायलेन्सरपाशी बसणं, ते प्रश्न, कॉइल-प्लगची अदलाबदल, दोनदा केलेलं कॉम्प्रेशन, यातल्या कशाचीच त्यावर ओळ नव्हती. विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “शोधायचे पैसे कोण देतो? भाग दाखवला की गिऱ्हाईक देतो.”

हे वाक्य या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे असं मला वाटतं. गिऱ्हाईक वस्तूचे पैसे देतं, म्हणून गॅरेज वस्तू विकतं. भागावर नफा आहे, दोन तासांच्या विचारावर नाही. मोठ्या चकचकीत वर्कशॉपमध्येही फार वेगळं घडत नाही: तिथे गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस गाडीला हात लावत नाही आणि हात लावणाऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलायला मिळत नाही, तेव्हा ‘गरम झाल्यावर, उभी असताना, एसी लावला की’ हे तीन शब्दप्रयोग जॉब कार्डावर ‘मिसिंग’ एवढेच उरतात. शिवाय स्वस्तात हवं म्हणून बाजारातून नामांकित कंपनीच्या खोक्यातली बनावट कॉइल आणली जाते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

आपण डॉक्टरला तपासण्याचे पैसे देतो, औषध लिहून दिलं नाही तरी देतो. मेकॅनिकला ते द्यायला आपण तयार नाही, आणि मग तो अंदाजाने भाग बदलतो म्हणून तक्रार करतो. हा अन्याय आपल्याकडून होतो आहे. घाटकोपरच्या या मिस्त्रींच्या हाताखाली आज एकच पोरगा आहे. तोही म्हणतो, डेंटिंग-पेंटिंगमध्ये जास्त सुटतात.

गाडी घेणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या आसपास अंधेरीच्या लिंक रोडपासून मुलुंडपर्यंत वापरलेल्या गाड्यांचा बाजार भरात असतो. घ्यायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, की गाडी सकाळी, थंड हवी. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड सुरू करा, नंतर चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवा, एखाद्या फ्लायओव्हरच्या चढावर एसी लावून वरच्या गिअरमध्ये न्या, आणि शेवटी सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसा. गॅसचं किट असेल तर हे सगळं पेट्रोलवर एकदा आणि गॅसवर एकदा. टॅपेट शेवटचे कधी तपासले, हेही विचारा.

हजार रुपयांच्या आत मिळणारा, मोबाइलला जोडायचा साधा स्कॅनर सोबत ठेवा. कोड नाही, एवढ्यावर समाधान मानू नका, कारण तो पुसायला अर्धं मिनिट लागतं. त्याच स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की अपूर्ण, तेही दिसतं. कोड पुसला किंवा बॅटरी काढली की त्या सगळ्या पुन्हा शून्यावर येतात आणि पूर्ण व्हायला काही दिवसांचं नेहमीचं चालवणं लागतं. विक्रीला आणलेल्या गाडीत त्या अपूर्ण दिसल्या, तर कोणीतरी नुकतंच काहीतरी पुसलेलं असू शकतं. तसं दिसलं तर गाडी आठ दिवस चालवून पुन्हा दाखवा म्हणावं, नाहीतर दुसरी बघावी.

आणि घेतलेली गाडी मिसिंग मारू लागली, तर गॅरेजात ‘बघा जरा’ म्हणून किल्ली टाकून जाऊ नका. थंड की गरम, उभी की पळताना, पेट्रोल की गॅस, पाऊस होता का, अगोदर काय बदललं, हे चार ओळींत लिहून द्या. भाग बदलायच्या आधी कारण विचारा, बदललेला भाग परत मागा. शोधण्याची मजुरी बिलावर वेगळी लिहायला सांगा आणि ती घासाघीस न करता द्या.